समुद्रातला कान, पालमचा हापसा

मी हायड्रोफोन बोलतोय. खरं तर बोलणं माझं काम नाही. मी पाण्यात बुडून ऐकणारा, अंगठ्याएवढा कान आहे.

मुंबईजवळच्या समुद्रात एका जहाजामागे लांबलचक केबल ओढली जायची. तिच्यात मी आणि माझे शंभर भाऊ. जहाज पाण्यात दणका द्यायचं, तो तळाखालच्या थरांवर आपटून परत यायचा आणि आम्ही तो टिपायचो. शोधायचं तेल खोल थरांत होतं, त्यामुळे प्रत्येक थराचा आवाज आम्हाला वेगळा ओळखावा लागे. मला त्याचा भारी गर्व होता. मग केबल तुटली आणि मी भंगारात गेलो.

तिथून मला दत्तरावांनी उचललं. ते त्याच जहाजावर स्वयंपाकी होते, पण पालमजवळच्या आपल्या गावात सांगून ठेवलं होतं, "आमी तेल हुडकतो."

शहाऐंशी साली गावातले आड तळाला गेले. सरकारी बोअरची गाडी आली, पण बोअर एकच मंजूर. जागा चुकली तर बायकांना उन्हाळाभर दोन कोस पायपीट. जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या सटवाजी तळहातावर नारळ घेऊन गावभर फिरला; नारळ उभा राहील तिथं पाणी. नारळ दर वेळी ईश्वरअप्पांच्या किराणा दुकानापुढंच उभा राहायचा. लोक वैतागून दत्तरावांकडे आले. "समुद्रातलं तेल घावतं, मग गावातलं पाणी का न्हाई?"

दत्तरावांनी मला आडातल्या उरल्यासुरल्या पाण्यात सोडलं, बायकांना जागोजागी मुसळ आपटायला लावलं आणि माझी तुटकी वायर कानाला लावून बसले. मला सगळं ऐकू आलं! कडुलिंबाखाली ओला थर होता. पण सांगू कसं?

"काय म्हणतंय यंत्र?" ईश्वरअप्पांनी विचारलं.

दत्तरावांनी वायर कानावरून काढली. "अप्पा, मी जहाजावर पुऱ्या तळत व्हतो."

तेवढ्यात दत्तरावांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, मुसळ टेकवलं. "लिंबाखाली घ्या बोअर. वीस वर्सं मुसळ मारायलेय मी. तिथली जमीन लय दबकी बोलती."

साठ फुटांवर पाणी लागलं. गावानं मला हळदकुंकू लावून हापशाला बांधलं. पुऱ्यांची गोष्ट म्हणजे दत्तरावांचा नम्रपणा, पाणी हुडकलं ते यंत्रानंच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

कस्तुराबाई रोज घागर घेऊन येतात आणि रांगेत शेवटी उभ्या राहतात. मला फार लाज वाटते. कुणीतरी माझी वायर जोडा हो! एवढंच सांगायचंय, ऐकलं मीही होतं, पण सांगितलं त्यांनी.