रेघ मारलेल्या बायका

यादी माझ्या हातात आहे म्हणजे चूक होणार नाही, असं मी गेली सहा वर्षं छातीठोकपणे सांगत आलेय. आमच्या अँतिग्वा शहरात गुड फ्रायडेला सोलेदाद मातेची पालखी बायका खांद्यावर घेतात. एका फेरीला चाळीस जणी. एका चौकातून उचलायची, पुढच्या चौकात दुसऱ्या चाळीस जणींच्या खांद्यावर द्यायची. कोण कुठे उभी राहणार ते खांद्याच्या उंचीवर ठरतं, आणि ती उंची मोजून कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरते मी, माग्दा. ओळखपाळख, रडारड, माझ्यापुढे काही चालत नाही.

तर गुड फ्रायडेआधीच्या उपासांच्या पाचव्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, अंपारो आमच्या पालखी मंडळाच्या कचेरीत आली. नऊ वर्षं बिचारी प्रतीक्षा यादीत आहे.

"माग्दा, काही हललं का गं?"

"तुझ्या उंचीची फेरी अकरावी. चाळीसपैकी चाळीस भरल्यात. तक्ता काय खोटं बोलतो?"

"जूनमध्ये माझे दोन्ही गुडघे बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर ओझं कायमचं बंद. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही." एवढं बोलून तिने तोरेखांचा, म्हणजे पाकात मुरवलेल्या गोड पावाचा, डबा टेबलावर ठेवला. "लाच नाहीये. खा मुकाट्याने."

मला संताप आला. तिचा नाही, त्या अकराव्या फेरीचा. गेल्या वर्षी याच फेरीत पालखी डावीकडे कलली होती, बायकांचे खांदे सोलवटून निघाले होते. आमच्या अध्यक्ष दोन्या ओतिलिया म्हणाल्या, श्रद्धा कमी पडली. डोंबलाची श्रद्धा! पुऱ्या चाळीस जणी असताना पालखी कलतेच कशी? मी फेरी उघडली आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव मोजलं. सदतीस. उरलेल्या तीन नावांवर आडवी रेघ होती.

आमच्यात वारलेल्या बाईचं नाव कोणी पुसत नाही. पूर्वी कागदी वही होती. नावावर लाल रेघ मारायची, आणि वही भरली की नव्या वहीत फक्त जिवंत नावं उतरवायची. मग कॉम्प्युटर आला. आम्ही पद्धत तीच ठेवली: कंट्रोल आणि पाच दाबलं की झाली रेघ. पण ही वही कधी भरतच नाही! आणि मोजणीचं सूत्र घातलेलं मीच. त्याला रेघ कुठली दिसायला? चौकोनात अक्षरं आहेत ना, मग धरली बाई. सहा वर्षं मी मेलेल्या बायकांच्या खांद्यावर पालखी देत होते.

"दोन्या ओतिलिया, ही तीन नावं काढतेय मी!"

त्या पलीकडच्या टेबलावरून चष्मा सावरत आल्या. "आईच्या पायाशी वाहिलेलं नाव काढणार तू?"

"नाव नाही हो, जागा मोकळी करतेय. त्यांच्यासाठी वेगळं पान करते. नाव, उंची, सगळं तिथे जसंच्या तसं राहील. जिवंत बायकांचे खांदे मोडून आई खूश होणार आहे का?"

"तोंड बघा हिचं! गेल्या वर्षी नाही सुचलं ते?"

"नाही सुचलं. माझंच चुकलं. झालं समाधान?"

त्यांनी पडद्याकडे वाकून बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कर मग सुरुवात. पहिलं नाव तुझ्याच घरचं आहे, बाई."

देल्फिना. माझी धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी रेघ मीच मारली होती. तेव्हा जड गेलं नव्हतं, कारण रेघेखालचं नाव वाचता येत होतं. आता मात्र बोट हलेना.

अंपारो हळूच म्हणाली, "राहू दे गं. माझं काय एवढं."

"गप्प बस! नऊ वर्षं थांबलीस आणि आता मोठेपणा सुचतोय?" मी डोळे पुसले, बहिणीचं नाव उचलून नव्या पानावर नेलं आणि मोकळ्या चौकोनात अंपारोचं घातलं. तिचा खांदा देल्फिनाएवढाच, एकशे एकतीस सेंटिमीटर. तसा नसता तर ती जागा मी तिला दिली नसती, हेही सांगून ठेवते. बाकीच्या दोन जागा यादीतल्या पुढच्या दोघींना गेल्या.

गुड फ्रायडेला दुपारी अकराव्या फेरीने पालखी उचलली. मी बाजूने चालत होते, सगळं लक्ष डाव्या दांड्याकडे. सरळ! अगदी सरळ! रस्त्यावर रांगोळीसारख्या घातलेल्या रंगीत लाकडी भुशाच्या गालिच्यावरून चाळीस जणी एका डौलात डुलत निघाल्या. अंपारोचं तोंड लालबुंद झालं होतं आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"जड आहे गं, माग्दा!"

"मग काय कापूस वाटला होता? पाय उचल."

चौक आला. बाराव्या फेरीच्या बायका खांदा लावायला सरसावल्या. सगळ्या जणी बाजूला झाल्या, अंपारो काही दांडा सोडेना.

"संपलं?"

"संपलं."

"एवढंच?"

"एवढंच असतं, बाई," मी म्हटलं आणि तिचा हात दांड्यावरून सोडवून माझ्या हातात घेतला.