फोटोपुरतं यंत्र

रशीदाचा शोधनिबंध छापून आला. आला नाही. म्हणजे आला, पण आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात तो न आल्याचं ठरलं आहे, तेव्हा तुम्हीही हे वाचलेलं नाही. पुढे चला.

विभागात एक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे. रशीदाला उसाच्या पानावरच्या तांबेरा रोगाची बुरशी त्याच्याखाली बघायची होती. त्या चित्रांशिवाय तिची पीएचडी पुढे सरकणार नव्हती. यंत्राची किल्ली दिगंबर सरांकडे. सर अत्यंत काळजीवाहू. रशीदा राहणार हडपसरला, म्हणून संध्याकाळची वेळ तिला नको, घरी जायला उशीर होईल. सकाळची वेळ प्राध्यापकांची. शुक्रवारी तिची नमाज असेल, हे सरांनी तिला न विचारताच ओळखलं आणि तो दिवस आदरपूर्वक रद्द केला. रमजानमध्ये ती दमेल. उरलेल्या वेळी यंत्र दमायचं. दीडेक वर्ष तिची अशी काळजी घेतली गेली.

मग विद्यापीठाचं फर्मान आलं की प्रत्येक विज्ञान विभागात समता, विविधता व समावेशन समिती हवी. दिगंबर सर अध्यक्ष झाले. सभासद सगळे त्यांच्या बॅडमिंटनच्या ग्रुपमधले, कोथरूडचे. विविधता म्हणून एक शेजारच्या कर्वेनगरचा घेतला. समता आली आहे हे लोकांना दिसायला हवं, म्हणून पोस्टर ठरलं. पोस्टरवर कोण, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांना एकदम रशीदा आठवली.

फोटो काढायला मांजरी गावचा गेनबा आला. मुळात तो लग्नाचे फोटो काढतो. त्याने रशीदाला यंत्रासमोर बसवून हनुवटी वर करायला लावली, आणि म्हणाला की पडदा काळा दिसतोय, टीव्हीच्या दुकानात लाइट गेल्यासारखा. रशीदाच्या पिशवीत पानांचे तुकडे तयारच होते. पोस्टरच्या भल्यासाठी सरांनी यंत्र चालू केलं.

पडद्यावर तांबेरा अवतरला. गोलमटोल, काटेरी, जणू स्वतःच्याच लग्नाला नटून आलेला. रशीदाने पहिलं चित्र साठवलं आणि सांगितलं की फोटोत तिचे डोळे मिटले होते, पुन्हा काढावा लागेल. दुसऱ्या वेळी ओढणी सरकली. तिसऱ्या वेळी हसू कमी पडलं. मग तिने यंत्र दोन हजार पटींवर नेलं, कारण एक हजारात म्हणे तिचं नाक मोठं येत होतं.

सरांना शंका आली. "अहो रशीदा, फोटोत तुम्ही काम करताना दिसलात की झालं. खरंच करायची गरज नाही."

"सर, काम खोटं असलं की माझा चेहरा खोटा येतो."

"खरं हाय सर," गेनबा म्हणाला. "नवरीचं बी तसंच असतंय. आजून येक घेतो."

पोस्टर इतकं गाजलं की महिला दिन, विज्ञान दिन, ईदच्या शुभेच्छा, सगळ्याला नवा फोटो लागू लागला. गेनबा येताना मांजरीच्या मळ्यातली ताजी रोगट पानं आणू लागला. मीही इथलाच पीएचडीचा विद्यार्थी; एकदा विचारलं, फोटोत शेजारी उभा राहू का. समितीने कळवलं की तुमच्यासारखे आमच्याकडे भरपूर आहेत.

निबंध छापून आला (जो आलेला नाही) आणि समिती पेचात पडली. कौतुक करावं तर तिने यंत्र वापरलं असं कबूल करावं लागतं, आणि नियमाने तिला ते कधी दिलंच नव्हतं. कारवाई करावी तर ती यंत्र वापरत असल्याचा दहाफुटी पुरावा समितीनेच फाटकावर टांगलेला, खाली 'सर्वांना समान संधी'. शेवटी काहीच घडलेलं नाही असा ठराव एकमताने झाला. कर्वेनगरचा थोडा विरोध होता.

त्याच बैठकीत विभागाला उत्कृष्ट समावेशनाचं प्रमाणपत्र मिळाल्याचं वाचून दाखवलं, म्हणजे फोटोंची गरज संपली. गेनबा लग्नांकडे परत गेला. यंत्राच्या खोलीला कुलूप लागलं. रशीदाचं शेवटचं प्रकरण बाकी आहे, आणि त्यातली एकही बुरशी अजून पाहून झालेली नाही. सोमवारी तिने अर्ज दिला.

'प्रति, माननीय अध्यक्ष, समता, विविधता व समावेशन समिती. महोदय, विनंती करण्यात येते की, अर्जदारास आठवड्यातून एक दिवस, छायाचित्रकार हजर नसतानाही, सदर यंत्र वापरू द्यावे. हे नियमात बसत नसल्यास श्री. गेनबा यांची विभागात कायमस्वरूपी पदावर नेमणूक करण्यात यावी, व त्यांच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असण्याची अट शिथिल करण्यात यावी.'