प्रत माहितीस्तव

वैजनाथचं वय मी वाढवलं. त्याच्या आईबापानं न्हाई, डॉक्टरनं न्हाई, मी. रेणापूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर होतो तेव्हा, अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला भला माणूस समजायला नको.

त्या वर्षी शाळेचा पट घसरला होता. पोरं कमी पडली की दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार, अन् दुसरा शिक्षक म्हणजे मीच. बदली थेट लांब जळकोटाकडं. घरी बायकोला, चंद्रप्रभेला, सातवा महिना. मग काय, निघालो गावात घरोघर. साडेचार वर्षांचं पोर दिसलं की दाखल-खारीज रजिस्टरात ते सहा वर्षांचं करायचं, जन्मतारीख एक जून. आमच्याकडं निम्मं गाव एक जूनलाच जन्मलेलं असतंय, त्याचं कुणाला काही वाटत नाही. वैजाची आई चतुराबाई तेवढी म्हणाली, "गुरुजी, भुकंप झाला तवा ह्यो पोटात हुता माझ्या, सहावा म्हैना. ह्यो सा वर्साचा कसा हुईल?" भूकंप त्र्याण्णवच्या सप्टेंबरातला, हिशोब तिचाच बरोबर होता.

"बाई, बसू द्या शाळेत," मी म्हणालो. "महिन्याला तांदूळ मिळतोय. अन् तुम्ही रानात गेल्यावर पोराकडं कोण बघतंय? मी त्याच्या चांगल्यासाठीच सांगतोय." ती "हाव, बसवा," म्हणाली. माझी जागा वाचली.

पोरगं वर्गात सगळ्यात बारकं. शाळेला कुठूनसा एक फुटबॉल आला होता, अन् तो खेळायचा कसा हे मलाही ठाऊक नव्हतं. मोठी पोरं वैजाला ढकलून द्यायची, म्हणून हा पठ्ठ्या धक्का बसायच्या आत बॉल दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. तीच सवय पुढं कामाला आली. मधल्या फळीतला गडी झाला तो. मागच्याकडून बॉल घ्यायचा, मान वर करून बघायचं, अन् पुढच्याच्या पायात नेमका नेऊन ठेवायचा. गोल लागला की नाव पुढच्याचं.

नांदेडला चौदा वर्षांखालच्या संघाची निवड होती तेव्हा मी त्याला घेऊन गेलो होतो. त्याला रांगेतूनच बाहेर काढलं. खरं वय बारा, कागदावर चौदा भरलेले. पोरगं मैदानाच्या कडेला बसून रडत होतं, अन् मी, निर्लज्ज माणूस, त्याला केळी घेऊन दिली. खरं काय ते बोललो नाही.

तरी तो वर आलाच. वयानं दीड-दोन वर्षं मोठ्या पोरांत खेळून खेळून घट्ट झाला. पुढं केरळातल्या एका क्लबात सलग सहा वर्षं होता. टीव्हीवर मॅच लागली की मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवायचो, "या या, आमच्या शाळेचं पोरगं खेळतंय!" लई मिरवलं मी.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वैजा लातूरला माझ्या घरी आला, संगं चतुराबाई. मी आपला खुशीत, चहा टाकायला सांगितला. तो म्हणाला, "गुरुजी, क्लब नवा करार देईना."

"का रे? पाय दुखावला?"

"पाय चांगला हाय. नव्या मालकांनी नियम काढलाय, तीस ओलांडलेला गडी नको. कागदावर मला एक जूनला एकतीस पूर्ण व्हायलेत. अन् आई म्हणायलीय, तुला अजून तीस व्हायलाच आठ म्हैने हायत. तुमी वय वाढवलं तेवढं बाँडवर लिहून द्या. मॅनेजर माझ्या बाजूचा हाय, तो गुपचूप जमवतो म्हणालाय. नाहीच जमलं तर कर्नाटकातला एक लहान क्लब वर्षभरासाठी घ्यायला तयार हाय, तिथं वयाची भानगड न्हाई. पण माझी अजून चार वर्षं हायत गुरुजी, मोठ्या मैदानावरची."

भडकलो मी. "म्हणजे मी खोटारडा आहे असं माझ्याच सहीनं लिहून देऊ? छत्तीस वर्षं नोकरी केली, एक मेमो नाही मला!" चतुराबाई उठली. "चल वैजा. गुरुजींची अब्रू लई मोठी हाय." चहा तसाच राहिला.

चंद्रप्रभा आतून सगळं ऐकत होती. "अहो, तेव्हा आपला आलोक पोटात होता माझ्या," ती म्हणाली. "त्या लेकराच्या वयावर आपला संसार जागेवर राहिला. लाज वाटू द्या थोडी." दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रेणापूरची एसटी धरली.

माझं एक आहे, एकदा ठरवलं की अर्धवट काम जमत नाही. शाळेतून रजिस्टरचा उतारा काढला. वकिलापुढं बसून सगळं खरं लिहिलं, पट घसरला होता इथपासून. सही केली, अन् बाहेर आल्यावर लई हलकं वाटलं. वैजानं कागद घेतला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "हा मी फक्त मॅनेजरच्या हातात देतो. बाकी कुठं कळायला नको, गुरुजी." मी हो म्हणालो.

पण जिल्हा परिषदेत हाडं झिजवलेला माणूस मी! आम्ही साधा रजेचा अर्ज लिहिला तरी खाली 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' टाकून वरच्या दोन ऑफिसांना पाठवतो. वर प्रत गेली नाही तर तो कागद आम्हाला कागदच वाटत नाही. मनात म्हणालो, पोरगं भोळं आहे, मॅनेजर कागद दाबून ठेवील. वरून विचारणा आली की क्लब झक मारत करार देईल. दोन झेरॉक्स काढल्या. एक राज्याच्या फुटबॉल संघटनेला, एक तिच्याही वरच्या संघटनेला, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. वैजाला सांगितलं नाही. काम झाल्यावर त्यानं स्वतः फोन करून म्हणावं, गुरुजी, कमाल केलीत, अशी माझी हौस.

तीन आठवड्यांनी फोन आलाच. "गुरुजी, तुमी तो कागद अजून कुणाला पाठवला का?"

"पाठवला की! आली का वरून विचारणा?"

त्यानं सावकाश सांगितलं, मी चौथीच्या पोराला गणित सांगायचो तसं. एका खेळाडूच्या दोन जन्मतारखा निघाल्या म्हणून वरच्यांनी त्याची नोंदणीच थांबवली होती. चौकशी संपेपर्यंत कुठल्याच क्लबाकडून खेळता येणार नव्हतं. मॅनेजरनं करार तयार ठेवला होता, तो फाडला. कर्नाटकवाल्यांनी दुसरा गडी घेतला.

"अरे पण तुझं वय कमीच निघतंय की! तू कुठं फायदा घेतलास?"

"ते चौकशीत सांगा म्हणाले."

चौकशी चौदा महिने चालली. मला साक्षीला बोलवा म्हणून मी चार पत्रं लिहिली, एकदाही बोलावणं आलं नाही. शेवटी वैजा निर्दोष ठरला अन् जन्मतारीखही दुरुस्त झाली. तोवर तो खरोखरचा तीस ओलांडून गेला होता. चौदा महिने एक मॅच न खेळलेला मधल्या फळीतला गडी कोण घेतंय? त्यानं दहा-बारा क्लबांना फोन लावले, कुणी उचलला, कुणी तेवढंही केलं नाही.

गेल्या महिन्यात मायलेक पुन्हा घरी आले. मी तयारीतच होतो. ह्या खेळाडूवर अन्याय झाला आहे, त्याला परत घ्यावं, असा तीन पानी अर्ज लिहून ठेवला होता. मी तो वाचून दाखवायला लागलो. चतुराबाईनं पहिल्याच पानावर थांबवलं.

"गुरुजी, तवा तुमी माझ्या लेकराचं दीड वरीस घेतलं. मी काय बोलले न्हाई. आता ते वापस द्यायला गेलात अन् राहिलेली समदी वर्सं घेतलीत."

"बाई, मी त्याच्या चांगल्यासाठीच..."

"त्ये तवाबी म्हणले हुते तुमी."

वैजानं आईला गप्प केलं. सोमवारपासून तो लातुरातल्या एका शाळेवर पोरांना खेळ शिकवायला जाणार होता, ते सांगायला आला होता. माझ्या हातातली तिन्ही पानं त्यानं हळूच काढून घेतली, घडी घातली, खिशात ठेवली. "गुरुजी, हात जोडतो," म्हणाला, अन् खरंच जोडले. "माझ्यासाठी आता कुठं एक ओळबी लिहू नका."

त्यापेक्षा पोरानं माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. पण निघताना तो रीतीप्रमाणं पाया पडायला वाकला, अन् मी पाय मागं घेतले.