अपेक्षा: अनुरूप

राहुरीत लग्नाच्या मुलींचे रंग तीनच: गोरा, निमगोरा आणि गव्हाळ. चौथा रंग निदान दिशाच्या कॉम्प्युटरवर तरी कधी उमटला नव्हता. फक्रुद्दीनचाचांच्या झेरॉक्सच्या दुकानात ती चार वर्षं लग्नाचे बायोडाटे टाइप करत होती. पाच-सहाशे तरी झाले असतील. चांगली सावळी मुलगी समोरच्या स्टुलावर बसलेली असली तरी तिची आई काउंटरवर वाकून हळूच सांगायची, "गव्हाळ टाक गं. आन् फोटू जरा उजळ कर." मुलगी तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायची. गहू इतक्या रंगांचा असतो, हे जवळच्या कृषी विद्यापीठालाही ठाऊक नसेल.

दिशाने स्वतःचा बायोडाटाही असाच केला होता. रंग गव्हाळ, फोटो उजळ. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ घरी आलं. कांदे खुरपायला जाणाऱ्या तिच्या आईने त्या दिवशी रोज बुडवला, ठेवणीतली साडी नेसली. मुलाच्या मावशीने मोबाइलमधला फोटो आणि समोरची मुलगी असं दोनदा पाहिलं आणि विचारलं, "ही धाकटी का?"

दिशाला बहीणच नव्हती. पाहुणे गेल्यावर तिने सांगून टाकलं की आता माझा फोटो कुठे पाठवायचा नाही. आई नुसती साडीची घडी घालत बसली.

मग अमृत आला. बायोडाट्यासाठी नव्हे, विद्यापीठात त्याचं एमएस्सी चाललं होतं आणि कांद्याच्या साठवणुकीवरचा प्रबंध टाइप करून हवा होता. कोष्टकांवर कोष्टकं, रोज नवी दुरुस्ती. सहा महिने तो दुकानात येत होता. वांबोरीकडे त्यांची बारा एकर बागायत. येताना पिशवीभर पेरू आणायचा, चाचांना आधी द्यायचा, मग तिला. त्याने ‘साठवणूक’ चुकीची लिहिली की ती हसायची, आणि ती हसली की तोही हसायचा. "अहो-जाहो नको करू, लई म्हातारा झाल्यासारखं वाटतं," असं म्हणून त्यानेच तिला ‘तू’ म्हणायला लावलं. एकदा तिच्या पिवळ्या ड्रेसकडे बघून म्हणाला, "हा रंग तुला भारी दिसतो." पिवळं तिने घालू नये असं तिच्या आत्याचं ठाम मत होतं. दिशाने दुसऱ्याच आठवड्यात अजून एक पिवळा ड्रेस शिवायला टाकला. वेडीच होती, दुसरं काय म्हणायचं!

प्रबंध छापून झाला, बांधून झाला. आता तो कशाला येईल, या विचाराने तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. चाचा आतल्या बाजूला मशीनचा कागद अडकला होता तो काढत बसले होते.

"दिशा, एक काम हाय," तो स्टुलावर बसत म्हणाला. "माझा बायोडाटा करायचा."

हात सरावाचे होते, त्यांनी फाइल उघडली. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, शेती. रंगाच्या रकान्याशी ती थांबली. अमृत शेतात वाढलेला, उन्हात रापलेला, तिच्याहून फार तर बोटभर उजळ.

"रंग?"

तो कॅलेंडरकडे बघायला लागला. "निमगोरा टाक."

तिने टाकला. खाली शेवटचा रकाना होता, ‘अपेक्षा’. तिथे चाचांनी सगळ्यांसाठी ‘अनुरूप’ हा शब्द आधीच भरून ठेवलेला असायचा. कुणी काही सांगितलंच नाही तर तो तसाच राहू द्यायचा.

"इथं अनुरूपच ठेवते," ती म्हणाली.

"अनुरूप म्हणजे नेमकं काय गं?"

"आपल्याला शोभेल अशी. आपल्यासारखी."

"न्हाई न्हाई, ते काढ." तो घाईने म्हणाला. "अनुरूप लिहिलं की कुणाचीबी स्थळं येत्यात."

दिशाने एकेक अक्षर मागे येत तो शब्द पुसला. अमृतने आईला फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडून साळूबाईंचा खणखणीत आवाज आला, "आधी गोरी लिही म्हनावं पोरीला. मग आपल्यातलीच, चांगल्या घरातली. शिकलेली पायजे, पर नोकरीचं खूळ नगं. पुढच्या पिढीचं बघावं लागतं बाबा."

दिशाने सगळं लिहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक केली नाही. फोन बंद झाला.

"आणि तुझी अपेक्षा?" तिने विचारलं.

"माझी?" तो जरा विचारात पडला. मग अगदी मोकळेपणाने, तिला आवडायचं तसंच हसून म्हणाला, "स्वभावानं तुझ्यासारखी पायजे. तुझ्यासंगं बोललं की बरं वाटतं बघ. फक्त..."

पुढचा शब्द काय, हे सांगायची गरज नव्हती. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वाईट असतं तर तिने चार शब्द सुनावून त्याला बाहेर काढलं असतं. तिने फोटो मागितला. शेताच्या बांधावर काढलेला फोटो होता. ऊन कपाळावर, डोळे किंचित बारीक झालेले. सहा महिने ती ज्याची वाट बघत होती, तोच चेहरा.

"उजळ करू?"

"कर थोडा."

तिने केला. कपाळावरचं ऊन गेलं, गालावरची रापलेली कातडी गेली, आणि पडद्यावर पिठात बुडवून काढल्यासारखा कुणी परका माणूस आला. अमृत पुढे वाकून बघत राहिला. मग चोरटेपणाने, ओशाळून त्याने विचारलं, "बरा दिसतो का मी?"

तोच प्रश्न, तोच आवाज. स्टुलावर बसून कितीतरी मुलींनी तो तिला विचारला होता आणि तिने सगळ्यांना ‘हो, छान’ म्हणून वाटेला लावलं होतं. आता तिला त्याचा राग येईना. या बारा एकराच्या मालकालाही कुणीतरी लहानपणी तोंड घासून धुवायला लावलंच असेल.

"आधी होतास तसाच छान दिसत होतास," ती म्हणाली. "मला तरी. पहिल्या दिवसापासून."

अमृतने मान वर केली. कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला. तिने काय सांगितलं ते त्याला पुरतं कळलं होतं. तिने दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि थांबली. तो कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत होता. एकदा त्याचा हात पहिल्या फोटोकडे अर्धा उचललाही गेला.

"हाच राहू दे," शेवटी तो उजळ फोटोकडे बघून म्हणाला. "आईला हाच पटेल."

तिने पाच प्रती काढून पाकिटात घातल्या. तो तिच्याकडे न बघता निघून गेला.

चाचा हात पुसत बाहेर आले. दिशा पडद्यासमोर बसून होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. चाचा घाबरलेच.

"काय झालं बेटा? काय बोलला का तो तुला?"

"नाही चाचा," दिशाने ओढणीने तोंड पुसलं. "मीच बोलले त्याला."