मी खुंटा नाही, खाट आहे!

मी एक जुनी खाट आहे. म्हातारी म्हणाल तर लाथ घालीन, चार पाय आहेत मला! मित्रांनो, माझं लाकूड अमळनेरकडच्या बाभळीचं. त्या बाभळीवर एकदा वीज पडली, तर वीजच मोडली. बाभळीला काही झालं नाही. खोटं वाटत असेल तर विजेला विचारा.

कांद्याच्या ट्रकवर आडवी पडून मी सुरतेला आले, बमरोलीच्या एका खोलीत. घरधनी हिलाल कापडाच्या लूमवर रातपाळीला, त्याचा पोरगा चेतन दिवसपाळीला. बाप उठला की पोरगा पडायचा, पोरगा उठला की बाप. माझी नवार कधी गार पडलीच नाही. हिलालची बायको उषाबाई दिवसभर साड्यांच्या घड्या घालायला बाहेर. ती म्हणायची, "या घरात एक ही खाटच सुट्टी मागत नाही." ऐकून माझी ढिली नवारसुद्धा ताठ व्हायची.

मग एकदा खिडकीतून चेतनचा मोबाइल चोरीला गेला. पोराला राग आला आणि तो इच्छापोर गावातल्या ओळखीतून रॉटवायलर कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. नाव ठेवलं बुलेट. आलं तेव्हा एवढंसं होतं. वर्षभरात असं वाढलं, की उषाबाई म्हणाली, "चेतन, हाई कुत्रं शे का हाल्या?" हाल्या म्हणजे रेडा, मित्रांनो.

बुलेट मनानं चांगला. माझ्या पायाशी बसून हिलालचं घोरणं ऐकायचा. पण त्या घरात कधीही बघा, कोणीतरी झोपलेलं. तो भुंकला की चप्पल यायची. फिरवायला कोणाला सवड नाही. अंगात बैलाचं बळ, आणि काम काय, तर गप्प बसायचं! बांधायचा कशाला? तर माझ्या पायाला. मला विचारलं कोणी?

उन्हाळ्यात मला दारासमोर गल्लीत काढायचे. एका सकाळी हिलाल माझ्यावर गाढ झोपलेला. समोरून मगनभाईची लोचोची, म्हणजे वाफवलेल्या सुरती फराळाची, गाडी निघाली. वाफेचा वास आला, बुलेट उठला, आणि मित्रांनो, मी निघाले! सुरतेतली पहिली धावती खाट! दोघांनी तर बस समजून हात केला. हिलाल आपला घोरतोय. कोपऱ्यावर मी गाडीला धडकले तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले.

"आवो हिलालभाई," मगन म्हणाला, "खाटलो लईने आव्या? इथेच खाणार की पार्सल?"

गल्ली खदखदून हसली. मीही हसले असते. पण वाटेत शेजारच्या वैभवची हर्षदा दारापुढं बसली होती. रांगती पोर. माझा मागचा पाय तिच्या बोटांना चाटून गेला होता. तिची आई किंचाळली आणि सगळ्यांचं हसणं तिथंच थांबलं.

संध्याकाळी वैभव दारात आला. "हिलालकाका, हे कुत्रं आजच्या आज गेलं पाहिजे. हजीरा रोडला सोडून या."

हिलालनं मान खाली घातली. "सोडतो."

तेवढ्यात चेतन जाडजूड साखळी घेऊन आला. "पप्पा, कुठं नका सोडू त्याला. आता बघा, हत्तीला हलणार नाही!" आणि माझ्या पायाला वेढे घालायला लागला.

बस्स! मी खाट आहे, खुंटा नाही. कडाड्! माझा पाय मीच मोडून टाकला. घ्या, बांधा आता!

उषाबाईनं तो तुटका पाय उचलला. "खाटेला कळलं, तुला कळेना का रे? मोबाइल राखायला याला आणलं. याला राखायला कोण?"

"मी आहे ना, आई."

"तू लूमवर, नाहीतर झोपलेला."

चेतननं साखळी खाली ठेवली. मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही! रस्त्यावर सोडणार असाल तर मलाही तिथंच सोडून या. मुकं जनावर आपण आणलं, त्याला जागा आपणच बघायची."

तिचा भाऊ काशिनाथ चलथाणला राहतो. साखर कारखान्यातून रिटायर झालेला, घराभोवती कुंपण असलेला, पहाटे कोसभर चालणारा, मोठी कुत्री पाळलेला माणूस. रविवारी टेम्पो घेऊन आला. आधी बुलेटजवळ नुसता बसून राहिला. बुलेटनं त्याच्या मांडीवर डोकं टेकलं तेव्हा म्हणाला, "नेतो. पण भाच्या, आठवण आली की भेटायला ये. परत मागायला येऊ नको."

टेम्पो गेला. मला विटांचा टेकू लावला होता. चेतन भिंतीकडे तोंड करून माझ्यावर पडला. मी जरासुद्धा करकरले नाही.

गल्ली अजून म्हणते, कुत्रंच वाईट होतं. कोण म्हणतं? या माझ्यासमोर! भुंकला तर मार, पळाला तर साखळी, अशानं तुमच्यातला कोण शहाणा राहिला असता?

मित्रांनो, मोठं कुत्रं खुशाल आणा, मी कशाला अडवू? पण आधी आपल्याच घराच्या दारात भर दुपारी उभं राहून एक हाक मारा. आतून कोणी ‘ओ’ दिली नाही, तर कुत्र्यालाही कोणी देणार नाही.