मास्तरांच्या वाटणीची मॅच

टेलरमास्तरांना हृदयविकाराचा झटका आला, तो त्यांच्या लाडक्या फुटबॉल संघाने शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला तेव्हा. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "मॅच चालू असताना बघायची नाही. निकाल कळल्यावर बघा हवी तर." त्यापेक्षा चार गोळ्या वाढवल्या असत्या तर परवडलं असतं, असं मास्तरांना वाटलं.

तोडगा बायकोने काढला. मॅच ती बघणार, आतल्या खोलीत, टीव्हीचा आवाज बंद ठेवून. मास्तरांनी बाहेर दुकानात मशीनवर बसायचं. मॅच संपली की ती येऊन निकाल सांगणार, मग मास्तर निवांत बघणार. चेंडूमागे धावणाऱ्यांना जन्मभर रिकामटेकडे म्हणत आलेली ही बाई! पण नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून बसली. हळूहळू ती खेळाडूंना अरे-तुरे करू लागली, निकाल सांगताना रेफरीचा उद्धार करू लागली. मास्तर मनातून खूश होते. त्यांचं ब्लडप्रेशरही ताळ्यावर आलं होतं. हिचं मोजावं, हे काही कुणाला सुचलं नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी मास्तर एका कोटाला बाही लावत होते. मॅच संपायची वेळ टळून गेली तरी ही बाहेर येईना. हरले असणार, मास्तरांनी ताडलं. सांगायचा धीर होत नसेल बिचारीला. ठरलं ते ठरलं, म्हणून ते लावलेली बाही उसवून पुन्हा लावत बसले. शेवटी अगदीच राहवेना, तेव्हा त्यांनी दार ढकललं.

ती पलंगाच्या कडेला बसली होती, घामाने निथळत, छातीवर मूठ दाबून.

"आत येऊ नका," ती कशीबशी म्हणाली, "पेनल्टी चालू आहेत."

मास्तरांनी टीव्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारच्या टॅक्सीवाल्याला हाक मारून त्यांनी तिला थेट दवाखान्यात नेलं.

थोडक्यात निभावलं. ती बोलण्याइतकी सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"

"त्यांनी बरोबरी केली तेव्हापासून."

"मग यांना हाक नाही मारायची?"

"कशी मारणार? टीव्ही चालू होता. यांनी बघितलं असतं आणि यांनाच काही झालं असतं तर?"

मास्तरांना रडू आवरेना. "खड्ड्यात गेला तो संघ!" ते ओरडले.

"असं नका हो बोलू," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पोरं जीव तोडून खेळत होती."