मांदेलीच्या जेवणाची वेळ

जमनाने फोनवर सरळ विचारलं, "रत्नावैनी, मांजर ठेवशील का?"

जमना म्हणजे समुद्रकाठच्या दांडी गावची मासेवाली. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून आमच्या घरात मासळी आली ती तिच्याच पाटीतून. आधी कॉलनीच्या क्वार्टरमध्ये, मग यजमान अणुऊर्जा प्रकल्पातून निवृत्त झाले तसं बोईसरच्या या तिसऱ्या मजल्यावर. आता तिचे गुडघे गेले होते. दांडीचं घर बंद करून ती उमरोळीला मुलीकडे, जयवंतीकडे, राहायला निघाली होती. जयवंतीच्या दारात दोन कुत्री.

"फाडतील तिला," जमना म्हणाली. "बंदरावर सोडली तर पोरं दगड मारतील. म्हातारी झालीय माजी मांदेली. तुज्याशिवाय कोणाला सांगू?"

मी हो म्हटलं. मग फोन ठेवला आणि घाबरले. माणूस आयुष्यभर मांजरं बघतो, पण मांजर घरात आणायचं म्हणजे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या माणदेशात मांजर कोणी आणत नसे, ती आपली आपण येत.

माझी नात प्रतीक्षा माझ्याकडे राहते. इथल्याच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला जाते. तिने मोबाइलवर वाचून हुकूम सोडायला सुरुवात केली. फिनेल माळ्यावर गेलं. मनीप्लांट मांजराला विषारी, म्हणून तो शेजारच्या चंद्रकांताबाईंकडे गेला. शिलाई मशीनवरची रिळं डब्यात बंद झाली, कारण मांजर दोरा गिळतं. पलंगाखाली आडोसा म्हणून पंख्याचं रिकामं खोकं ठेवलं. मोरीशेजारी घमेल्यात वाळू ओतली. पाण्याचं भांडं एका कोपऱ्यात, जेवणाची बशी दुसऱ्या कोपऱ्यात, कारण म्हणे दोन्ही जवळ असलेली त्यांना आवडत नाहीत.

जेवणाची वेळ मात्र मी ठरवली. पहाटे पाच आणि दुपारी एक. यजमानांच्या पहिल्या आणि दुसऱ्या पाळीचा डबा याच वेळांना भरायचा असे. ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी माझा हात त्या दोन वेळांना आपोआप डब्याकडे जातो. अर्ध्या तासाने बशी उचलायची, नाहीतर मुंग्या होतात.

अष्टमीला संध्याकाळी जमना रिक्षातून आली. मांडीवर झाकणाची टोपली, खांद्यावर होडीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा. जिने चढताना प्रत्येक मजल्यावर टेकली. घरात आली, खोकं बघितलं, त्यातली घडी घातलेली गोधडी बघितली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"डोहाळजेवन पण केलंस का गं तिचं?"

"बस आधी. दम खा."

"दम काय खाऊ, पाळना नाय दिसत कुठं."

मग ती बाल्कनीत फतकल मारून बसली आणि नायलॉनच्या सुतळीने जाळं कठड्याला बांधू लागली. कबुतरांच्या जाळीवाल्याला बोलावू म्हटलं तर ऐकेना. म्हणाली, "ह्यातनं सुरमई सुटली नाय. मांजर काय सुटतंय." बांधून झाल्यावर तिने टोपलीचं झाकण काढलं.

मांदेली बाहेर आली. मांदेली मासळी असते तशीच पिवळी, सोनेरी, अंगाने सडपातळ, एका कानाला जुनी खाच. तिने कोणाकडे बघितलं नाही. पोट जमिनीला लावून ती पलंगाखाली खोक्याच्या मागे गेली. जमनाने वाकून बघायचा प्रयत्न केला, गुडघे वाकले नाहीत.

"ऱ्हाशील नीट," ती पलंगाला म्हणाली. मला म्हणाली, "मीठ नको घालू तिच्या जेवणात. आनि ढोमी दे. नाव मांदेली, पन मांदेलीला तोंड नाय लावत." आणि गेली. जिन्यात ती बराच वेळ थांबलेली मला ऐकू येत होती.

मांदेली जेवली नाही.

नवमीला पहाटे पाचला मी बिनमिठाची उकडलेली ढोमी मासळी ठेवली. तिने हुंगलीसुद्धा नाही. साडेपाचला बशी उचलली. दुपारीही तेच. पाणी तेवढं प्यायली. दशमीला तेच. प्रतीक्षाने बाजारातली मांजरांची पाकिटं आणून बघितली, खोक्यासमोर बोटावर घेऊन धरली. मांदेली तोंड फिरवायची. कातडीखालून तिच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले होते. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, म्हातारं मांजर इतके दिवस उपाशी राहिलं तर लिव्हर जातं. उद्यापर्यंत वाट बघा, परवा सकाळी आणा, सलाइन लावू. पण घर बदललेलं सोसत नसेल तर जिथून आणलं तिथे नेऊन सोडलेलं बरं.

जमनाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग सोडा बंदरावर. मरायची तर तिच्या जाग्यावर मरू दे." तिचा आवाज मी आधी कधी तसा ऐकला नव्हता. तिच्या जानूला, म्हणजे नवऱ्याला, समुद्राने नेलं तेव्हाही नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती आणि मी ती बाजूला सारत होते. दिवसातून दोनदा मांदेली खोक्यामागून बाहेर यायची. हळूच, पण न थांबता, जसं कोणीतरी बोलावलंय. बाल्कनीत जाऊन जाळ्याला नाक लावून बसायची, पश्चिमेकडे तोंड करून. पश्चिमेला समोरच्या इमारतीची मागची भिंत आहे आणि तिच्यावर पाण्याच्या काळ्या टाक्या. त्या टाक्यांकडे बघत ती घशातून बारीक, लांबट आवाज काढायची. मग काही वेळाने आपली परत पलंगाखाली.

नवमीला ती बसली होती तेव्हा दूधवाला आला होता. दशमीला बसली तेव्हा प्रतीक्षा डबा घेऊन कंपनीच्या बससाठी बाहेर पडत होती. आणि एकादशीला ती बाल्कनीत गेली तेव्हा खाली घंटागाडी आली होती.

एकादशी मी पाळते. चहा घेताना सवयीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बारीक अक्षरात तिथी. आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांनी, पाऊणकी निघाली. अकरा पाऊणे सव्वाआठ.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ वाजले होते.

ही पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मी माण तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेत घोकली होती. आमच्या गावात तिचा कोणाला कधी उपयोग झाला नसेल. आमच्याकडे पाणी विहिरीत दिसायचं, तेही दोर लांब असला तर. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी यजमान मला समुद्र दाखवायला दांडीला घेऊन गेले. नवी इरकली नेसून गेले होते. जाऊन बघते तर समुद्र नाही. खाडीत नुसता चिखल, आणि चिखलात होड्या कुशीवर पडलेल्या, दावणीला बसलेल्या म्हशींसारख्या. मला रडू आलं. मी दुष्काळातून आलेली. मला वाटलं, हेही आटलं.

काठावर माझ्याच वयाची एक बाई दोरीवर बोंबील टांगत होती. मी तिला विचारलं, "कधी आटला हो?"

ती इतकी हसली की हातातला बोंबील खाली पडला. "आटंल कशाला बाय? गेलाय. येल आता."

आणि तो आला. कोणी हाक मारली नाही, भोंगा वाजला नाही. चिखलात आधी एक चकाकती रेघ दिसली, मग रेघा वाढल्या, मग एकेक होडी कुशीवरून उठली आणि सरळ झाली. इतकं पाणी, आणि आवाज नाही. मी यजमानांचा हात चारचौघांत धरला होता हे मला नंतर कळलं.

ती बोंबीलवाली म्हणजे जमना. पुढे तिने मला शिकवलं: होड्या भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात, तेव्हाच ताजी मासळी मिळते. आणि भरती कधी, तर आजची जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. ती बोटांच्या पेरांवर मोजायची, मी पाऊणकी म्हणायचे, दोघींचं उत्तर एकच यायचं. त्या हिशेबाने मी एसटी पकडून जायचे. मग तीच दारावर येऊ लागली, मग डोळ्यांसमोर इमारती आल्या, आणि भरती-ओहोटी माझ्या आयुष्यातून निघून गेली. समुद्र आपला तिकडे असेल, एवढंच.

आणि हे मांजर पलंगाखाली राहून, रोज पाऊण तास पुढे सरकत, त्याचा माग ठेवत होतं.

मला आठवलं. जमनाच्या अंगणाच्या कडेला एक दगड होता. गेल्या काही वर्षांत कधी तिला भेटायला गेले की ही पिवळी त्यावर बसलेली दिसायची, खाडीकडे तोंड करून. होडी अजून दिसतही नसायची. मग होडी लागायची, पाट्या उतरायच्या, आणि त्यातून पडलेली ढोमी ती खायची. जन्मभर ती समुद्र आला की जेवली होती. आणि मी तिच्यापुढे पाळीच्या वेळा ठेवत होते, आणि अर्ध्या तासात बशी उचलत होते.

फ्रीजमधून ढोमी काढून उकडायला ठेवली. एकादशीला माझ्या घरात मासळी शिजलेली नाही, सासूबाईंच्या काळापासून नाही. पातेलं गॅसवर ठेवताना देव्हाऱ्याकडे बघितलं, आणि तिकडे बघायचं तेवढं बघून झाल्यावर गॅस मोठा केला. पण मासळी निवेपर्यंत मांदेली उठून पलंगाखाली गेली होती. बशी खोक्यापर्यंत सरकवली. तोंड फिरवलं.

आता संध्याकाळच्या भरतीची वाट बघायची. तीही चुकली तर सकाळी डॉक्टर, नाहीतर दांडीचं बंदर.

प्रतीक्षा सहाला आली. तिला सांगितलं, तशी तिने पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "आजी, समुद्र इथून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. मध्ये आख्खी एमआयडीसी आहे. वास येत नाही, आवाज येत नाही."

"मला कुठे म्हणायचंय की येतो."

"मग तिला कसं कळेल?"

"ते मला काय विचारतेस. तिला विचार."

तिने मोबाइल काढला आणि बघितलं. आज रात्रीची भरती साडेआठच्या पुढे, म्हणाली. मग स्वतःशीच, "योगायोग असू शकतो." पण तिने टीव्ही लावला नाही.

आठ वाजता मी ढोमी कोमट केली, काटे काढले, बशी बाल्कनीच्या उंबऱ्याशी ठेवली. आम्ही दोघी दिवाणावर बसलो. सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. खाली कोणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा घरघरत होती. प्रतीक्षाने माझ्या दंडावर हात ठेवला, तो समजूत घालायचा होता, ते मला कळलं. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

पलंगाखाली नखांचा आवाज झाला.

मांदेली बाहेर आली. चालताना तिचे मागचे पाय जरा डळमळत होते. आमच्या समोरून गेली, उंबऱ्याशी आली, बशीवरून पुढे बाल्कनीत गेली. तिने जाळ्याला नाक लावलं. त्या जाळ्याला जमनाच्या घरचा, खाऱ्या पाण्याचा वास असणार. काळ्या टाक्यांकडे बघत तिने कान पुढे केले, आणि तो बारीक आवाज काढला. मग ती थांबली, ऐकल्यासारखी. काय ऐकलं मला माहीत नाही. त्या क्षणी दांडीला खाडी काठोकाठ भरली असेल, कुशीवरच्या होड्या सरळ उभ्या असतील.

मग ती वळली, बशीपाशी आली, आणि जेवली.

मधे एकदा मान वर करून तिने आमच्याकडे बघितलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. बशी पुरी चाटून झाल्यावर पंजा चाटला, आणि पलंगाखाली न जाता उंबऱ्यावरच बसून राहिली. प्रतीक्षाचे डोळे भरले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, आता श्वास सोडायला हरकत नाही."

सकाळी डॉक्टरांना फोन करून येत नाही म्हणून कळवलं. मग जमनाला लावला.

"मेली का?" तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

"जेवली. काल रात्री, भरतीला. आज सकाळी परत, बारा पाऊणे नऊ वाजता. बरोबर नऊला. तुझ्या बंदरावर पाणी लागलं की ही उठते बघ."

मला वाटलं फोन कट झाला. उमरोळीची कोंबडी ओरडली म्हणून कळलं की ती आहे.

"जमना?"

"हाय." मग आवाज खाली करून, शेजारी कोणी ऐकत असावं तशी ती म्हणाली, "मला पन तवाच भूक लागते बाय. हितं आल्यापासनं. जयवंती बाराला ताट वाढते, मला जात नाय. मग कवातरी भलत्याच वक्ताला पोटात खड्डा पडतो. पेरांवर मोजून बघितलं, तर पानी भरायची येळ. पोरीला नाय सांगितलं. हसंल."

"मी हसत नाही."

"ठाव हाय. तू रडनारी. समुद्र आटला म्हनून रडलेलीस."

दुसऱ्या दिवशी तेरस होती. तेरा पाऊणे पावणेदहा. प्रतीक्षा कामावर गेली, घंटागाडी येऊन गेली, नळाचं पाणी गेलं. मी मांदेलीची ढोमी काढली आणि बशी उंबऱ्याशी ठेवली. मग उमरोळीला फोन लावला आणि जमनाला म्हटलं, ताट वाढून घे, वेळ झाली.